हळदीच्या कोडातील पहिले शून्य: कॅल्क आणि डेटाबेस जोडणीचा वापरानंतरचा अनुभव

मस्जिद बंदर येथील मसाल्याच्या एका घाऊक पेढीत मी हिशेब पाहतो. बिलिंगच्या डेटाबेसमधील विक्रीची नोंद दर महिन्याला शीटमध्ये आणणे आणि जीएसटीआर-१ या विक्रीच्या जीएसटी विवरणपत्रातील तक्ता १२ साठी एचएसएन, म्हणजे मालाच्या वर्गीकरणाच्या, कोडनिहाय गोषवारा तयार करणे हे माझे ठरलेले काम आहे. गेल्या दिवाळीपासून ते मी लिबरऑफिस कॅल्क या फुकट मिळणाऱ्या स्प्रेडशीटवर करतो. हा अनुभव लिहायला निमित्त मात्र अलीकडेच घडले: पेढीतील एका संगणकावर सर्व काही नव्याने बसवल्यानंतर घाईत जुन्याच रीतीने कॉपी-पेस्ट झाले आणि हळदीचा ०९१०३० हा कोड ९१०३० होऊन बसला.

मसाल्यांचा धंदा एचएसएनच्या नवव्या प्रकरणात येतो, त्यामुळे आमच्याकडील बहुतेक कोडांची सुरुवात शून्याने होते. अख्खी काळी मिरी ०९०४११, अख्खे जिरे ०९०९३१. ज्यांची उलाढाल पाच कोटींच्या वर आहे त्यांना सहा अंकी कोड देणे बंधनकारक आहे, म्हणजे एक अंक गळाला की नोंद निकामी. शिवाय एचएसएनचे ९१ वे प्रकरण घड्याळांचे आणि ९० वे चष्मे, दुर्बिणी व वैद्यकीय उपकरणांचे असल्यामुळे, शून्य गळताच आमची हळद घड्याळांच्या आणि मिरी दुर्बिणींच्या रांगेत जाऊन उभी राहते. आमचे सीए यावर हसले. शेठ हसले नाहीत.

दोष नेमका कोठे आहे हे समजून घेतले पाहिजे. कोडाचा कॉलम मजकुराचा आहे हे डेटाबेसला पक्के ठाऊक असते. पण बिलिंगच्या पडद्यावरील तक्ता कॉपी करून साध्या मजकुराच्या रूपात पेस्ट केला, की कॉलमचा प्रकार वाटेतच सुटतो, उरतात फक्त अक्षरे आणि टॅब. मग शीट प्रत्येक नोंद जणू आपण हाताने टाइप केली आहे असे समजून स्वतःचा अंदाज चालवते. शून्य गळते, गोदामातील ३-१२ हा लॉट क्रमांक तारीख बनतो, दोन अंकांच्या मध्ये ई हे इंग्रजी अक्षर असलेला कोड घातांकाची संख्या ठरतो. सोळा अंकी क्रमांक असेल तर सोळावा अंक शून्य होतो, कारण एक्सेल पंधराच सार्थ अंक जपते, आणि गेलेला अंक नंतर कोणताही फॉरमॅट देऊन परत येत नाही. ही तक्रार केवळ आमच्या बाजारपेठेची आहे असे नाही. मार्च-१ या धाटणीची जनुकांची नावे शीटमध्ये तारखा होऊ लागल्यामुळे शास्त्रज्ञांच्या नामकरण समितीने २०२० मध्ये ती नावेच बदलली, आणि हा आपोआप होणारा बदल बंद करण्याची सोय एक्सेलने २०२३ मध्ये दिली.

आमच्या पेढीत एक्सेलची जुनी प्रत होती. नव्या आवृत्तीचे वार्षिक शुल्क भरून केवळ शून्य वाचवायचे, हे माझ्या मनाला पटेना. बिलिंगचे सॉफ्टवेअर पुरवणाऱ्यांकडे विचारणा केली तर त्यांनी वेगळ्या अहवालाचे वेगळे दरपत्रक पुढे केले. वार्षिक देखभालीचे पैसे आम्ही त्यांना आधीच देतो, हे मी पुनःपुन्हा सांगितले. बऱ्याच वादानंतर त्यांनी डेटाबेसचा फक्त वाचण्याचा अधिकार असलेला पासवर्ड दिला. त्याहून अधिक अधिकार देऊ केला असता तरी मी घेतला नसता. हिशेबनिसाच्या हातून मूळ नोंद बदलण्याची शक्यताच असू नये.

ओडीबीसी या डेटाबेसशी जोडणाऱ्या दुव्यामार्गे लिबरऑफिसच्याच बेस या प्रोग्रॅममध्ये डेटाबेस नोंदवला, कॅल्कमध्ये कंट्रोल-शिफ्ट-एफ४ दाबून डेटा सोर्सेसची चौकट उघडली आणि लागणारी क्वेरी, म्हणजे हवी तेवढीच माहिती निवडणारी मागणी, ओढून शीटवर सोडली. शून्ये जशीच्या तशी आली. मजकुराचा कॉलम मजकूर म्हणूनच उतरला, तारखा तारखा म्हणून उतरल्या, आणि रिकाम्या नोंदींच्या जागी सेल रिकामे राहिले. पुढच्या महिन्यात पेस्ट करण्याची गरजच उरली नव्हती. डेटा मेन्यूतील रिफ्रेश रेंज दाबले की नवी विक्री हजर. फुकट मिळालेल्या वस्तूने इतके समाधान दिल्याचे मला आठवत नाही, आणि त्या आठवड्यात मी भेटेल त्याला पूर्ण गुण देऊन मोकळा झालो होतो.

ते गुण पुढच्याच महिन्यात कमी करावे लागले. रकमेच्या कॉलमला मी लाख-कोटींचे स्वल्पविराम दिले होते, दराला दोन दशांश दिले होते, शीर्षके ठळक केली होती. रिफ्रेश होताच ही सजावट उडाली. त्यावर उपाय आहे, पण तो डेटा मेन्यूतील डिफाइन रेंजमध्ये, तेथेही ऑप्शन्स उघडल्यानंतरच दिसेल अशा बेताने ठेवलेला आहे: कीप फॉरमॅटिंग नावाची एक चौकट. तिच्यावर खूण केली की शीर्षकाचा आणि माहितीच्या पहिल्या ओळीचा फॉरमॅट संपूर्ण रेंजला, म्हणजे डेटाबेसमधून उतरलेल्या सगळ्या तक्त्याला, लागू होतो.

पहिल्या ओळीचा! माझा सारा राग या नियमावर आहे. दुसऱ्या, दहाव्या किंवा शंभराव्या ओळीला आपण काय केले याला येथे काडीची किंमत नाही. शेठच्या पुतण्याने एका परत आलेल्या मालाच्या नोंदीवर पिवळा रंग दिला होता आणि ती नोंद योगायोगाने पहिलीच होती. रिफ्रेशनंतर अख्खी शीट हळदीकुंकवाच्या ताटासारखी पिवळीधमक झाली. रंग काढला, तर पुढच्या वेळी आम्ही वसुलीसाठी हाताने केलेल्या रंगाच्या खुणाही गेल्या. एवढ्या समंजस सोयीत प्रत्येक कॉलमचा फॉरमॅट स्वतंत्रपणे बांधून ठेवण्याची व्यवस्था का नसावी, हा प्रश्न मी अजून सोडलेला नाही. एक्सेलच्या जोडणीतही प्रिझर्व्ह सेल फॉरमॅटिंग नावाची अशीच खूण आहे, त्यामुळे इकडून तिकडे पळण्यात अर्थ नव्हता.

तरीही आता माझे मत पुन्हा थोडे मवाळ झाले आहे. हाताने रंग देण्याची सवय पेढीत बंद केली आणि खुणांसाठी डेटाबेसमधीलच एका कॉलमवर आधारलेले, अटीनुसार आपोआप रंग देणारे कंडिशनल फॉरमॅटिंग लावले, तेव्हापासून पहिल्या ओळीची मनमानी उपयोगीच पडते: एक ओळ नीट सजवली की हजारो ओळी तशाच होतात. शीटची भाषा भारतीय इंग्रजी ठेवल्यामुळे स्वल्पविराम लाखांवर पडतात. त्याच ऑप्शन्समधील इन्सर्ट ऑर डिलीट सेल्स या खुणेमुळे नोंदी वाढल्या तर ओळी वाढतात, तरीही एकूण बेरीज मी रेंजच्या वरच ठेवतो. डोन्ट सेव्ह इम्पोर्टेड डेटा ही तिसरी खूण मात्र कोणी उत्साहाने करू नये. फाइल हलकी होते हे खरे, पण माहिती फाइलमध्ये राहत नाही, आणि सीएंना पाठवलेली शीट त्यांच्याकडे कोरी उघडते.

ज्यांना डेटाबेसचा पासवर्ड मिळणार नाही, त्यांच्यासाठी कॅल्कमधील पेस्ट स्पेशल पुरेसे आहे. साधा मजकूर म्हणून पेस्ट करताना जी चौकट उघडते, तिच्यात कोडाच्या कॉलमवर टिचकी मारून प्रकार मजकूर निवडावा, तारखेच्या कॉलमला दिवस-महिना-वर्ष हा क्रम द्यावा; नाहीतर शीटची भाषा अमेरिकी असल्यास ५ एप्रिलची विक्री ४ मे रोजी दिसते आणि १३ तारखेपासूनच्या तारखा नुसता मजकूर होऊन पडतात. एक्सेलवाल्यांनी पेस्ट करण्यापूर्वीच तो कॉलम टेक्स्ट करून ठेवावा आणि रंगरूपासह न चिकटवता साधा मजकूर म्हणूनच चिकटवावे. पेस्ट झाल्यावर टेक्स्ट केल्याने गेलेले शून्य परत येत नाही.

ज्या संगणकावर परवा गोंधळ झाला, तेथे जोडणी पुन्हा करून दिली आहे. नवी रेंज म्हणजे कीप फॉरमॅटिंगची खूण नव्याने करणे आले, म्हणून ती केलेली एक कोरी शीट नमुना म्हणून सर्वांच्या सामायिक फोल्डरमध्ये ठेवली आहे आणि तिच्या पहिल्या ओळीला कोणी हात लावू नये अशी सूचना वरच लिहिली आहे. पाचपैकी चार गुण. उरलेला एक गुण ती चौकट समोर, सहज दिसेल अशा जागी आणल्याशिवाय मी देणार नाही.