संगीताच्या तासाला गाणी कोणी निवडायची?

वर्षाचं नियोजन करताना संगीत शिक्षकापुढे तीन वाटा असतात: गाणी स्वतः ठरवणं, निवड मुलांवर सोडणं किंवा मुलांच्या घरचं, समाजाचं संगीत वर्गात आणणं.

पहिली वाट सोयीची. सोप्याकडून अवघडाकडे जाता येतं, कार्यक्रमही वेळेवर बसतो. पण ज्याच्या घरचं गाणं वर्षभरात एकदाही वर्गात येत नाही, तो मुलगा आपलं संगीत शाळेच्या लायकीचं नाही असं धरून चालतो. हे नुकसान मला फार मोठं वाटतं.

मुलांना त्यांच्याशी संबंधित बाबतीत मत मांडू देणं ही काही मेहेरबानी नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातलं बारावं कलम तेच सांगतं. संगीतशिक्षणाच्या अभ्यासक ल्युसी ग्रीन यांनी इंग्लंडमधल्या शाळांत मुलांना आवडीची गाणी निवडून, गटागटाने, नुसतं ऐकून बसवायला दिली होती. अशा कामात मुलं जीव ओततात. मात्र हात वर करून मत घेतलं की चार बोलक्या मुलांचीच गाणी येतात. गप्प बसणाऱ्यांसाठी चिठ्ठ्या हव्यात. शिवाय आवडती गाणी बहुधा मोठ्यांच्या गळ्यासाठी रचलेली असतात. सूर बदलून घेतला नाही, तर मुलं वरच्या जागी ओरडतात किंवा ओठ नुसते हलवतात.

तिसऱ्या वाटेमागचा विचार अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ ग्लोरिया लॅडसन-बिलिंग्ज यांनी १९९५ मध्ये मांडला: शिकणं मुलाच्या संस्कृतीत रुजलेलं हवं, पण अभ्यासाची अपेक्षा खाली आणायची नाही. हा दुसरा भाग हमखास विसरला जातो. त्याहून वाईट म्हणजे आडनावावरून अंदाज बांधून ‘तुमच्याकडचं एखादं म्हणून दाखव’ असं भर वर्गात सांगणं. त्या मुलाला कदाचित रॅपच आवडत असेल. आणि काही गाणी ठरावीक विधीतच म्हणायची असतात. ती वर्गात चालतील का, हे घरच्यांना आधी विचारावं.

माझा कौल दुसऱ्या आणि तिसऱ्या वाटेच्या मिश्रणाला. कौशल्य शिक्षकाने ठरवावं, गाणं मुलांनी. समजा, सवाल-जवाबाची रचना शिकवायची आहे. मग तशी रचना असलेलं गाणं घरून, शेजारून, फोनमधून, कुठूनही शोधून आणायला सांगा. अंगाई, रॅप, भक्तिगीत शेजारी शेजारी वाजतील आणि आणणारा मुलगा त्यातला ठेका इतरांना शिकवेल. अभ्यासक्रम परीक्षेने बांधलेला असेल, तर निदान एक गाणं तरी असं मोकळं ठेवा.