मिरजेतलं न्यूरो क्लिनिक: मुलीच्या फिट्ससाठी वर्षभर जातोय, त्याचा अनुभव

पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा कशाचा कापला ते पुढे लिहिते, पण आधी बाकीचं सांगू दे, कारण आमच्यासारखे कितीतरी आईबाप आत्ता कुठंतरी चुकीच्या गोळ्या देत बसले असतील.

आम्ही तासगाव तालुक्यातले. मुलगी गेल्या वर्षी बारावी सायन्सला होती, प्रिलिम चालू, रात्री दीड-दोनपर्यंत अभ्यास आणि पहाटे साडेपाचला परत उठायची. एक दिवस सकाळी मोरीपाशी दात घासताना धाडकन पडली, अंग ताठ, मग हातपाय आपटायला लागली, तोंडाला फेस, जीभ चावली गेली, कपड्यात लघवी झाली. दोन मिनिटं झाली असतील पण मला अर्धा तास वाटला. सासूबाईंनी कांदा फोडून नाकाला लावला, शेजारच्यांनी चप्पल आणली, कुणीतरी दातात चमचा घातला आणि त्यात तिच्या पुढच्या दाताचा टवका उडाला. तो दात अजून तसाच आहे, बघितलं की मला वाईट वाटतं.

आधी जवळच्या एका डॉक्टरांकडे नेलं. सीटी स्कॅन काढला, नॉर्मल आला, म्हणाले मिरगी आहे, कार्बामाझेपिनची गोळी लिहून दिली, पाच मिनिटांत बाहेर. काही विचारलंच नाही तिला. गोळी चालू केली आणि तीन आठवड्यांत पोरीचे हात सकाळी असे उडायला लागले की ताट हातात धरता येईना, आणि त्यातच दुसरी फिट आली. गावात तोवर बाहेरचं आहे, देवऋष्याला दाखवा वगैरे सुरू झालेलं. माझा धाकटा दीर मिरजेला एका मेडिकलमध्ये कामाला आहे, तो म्हणाला वहिनी आता कुणाचं ऐकू नका, न्यूरोलॉजिस्टलाच दाखवा, आणि त्यानेच इथे नंबर लावला.

पहिली भेट चाळीस मिनिटांची. मी घडाघडा सगळं सांगायला लागले तर डॉक्टर म्हणाले, ताई तुमचं सगळं ऐकतो, फिट तुम्ही बघितलीय तिने नाही, पण आधी मला हिच्याशी बोलू दे. आणि तिला विचारलं, बाळ, सकाळी उठल्यावर तासाभरात हाताला झटका बसून वस्तू उडते का, ब्रश, कंगवा, चहाचा कप? ती एकदम रडायलाच लागली. म्हणाली हो, दीड वर्ष झालं. आणि मला आठवलं, दीड वर्ष आम्ही तिला धांदरट म्हणत होतो, लक्ष कुठं असतं तुझं म्हणून मी तिला ओरडलेय, एकदा कप फुटला म्हणून तिच्या बाबांनी पाठीत धपाटा घातलेला. ते झटके म्हणजेच आजार होता. त्यात शुद्ध जात नाही म्हणून तिला स्वतःलाही वाटायचं आपणच वेंधळे आहोत, त्यामुळे कुणाला बोललीच नाही.

डॉक्टरांनी तिथेच सांगितलं की हे जुवेनाईल मायोक्लोनिक एपिलेप्सी दिसतंय, थोडक्यात जेएमई. वयात येताना, साधारण बारा ते अठराच्या दरम्यान बहुतेकांना सुरू होतं, सकाळचे झटके हीच त्याची खूण, जागरण आणि चुकलेली गोळी हे त्याचे दोन मोठे शत्रू. आणि आधीची गोळी वाईट नाही, काही प्रकारच्या फिट्सना ती चांगलीच लागू पडते, पण या प्रकारात झटके उलट वाढवू शकते. तरी एकदम बंद करायची नाही असं बजावलं, नवी चढवत चढवत जुनी उतरवली. आधीच्या डॉक्टरांबद्दल एक शब्द वाकडा बोलले नाहीत, हेही मला आवडलं.

ईईजी, म्हणजे मेंदूतल्या लहरींची तपासणी, तिथेच वरच्या मजल्यावर होतो. आदल्या रात्री अगदी थोडं झोपवायचं, केस शाम्पूने धुवायचे, तेल अजिबात नाही. डोक्याला वीसेक वायरी पेस्टने चिकटवतात, दुखत नाही, शॉक वगैरे काही देत नाहीत (सासूबाईंना तीच भीती होती). मग तीन मिनिटं जोरजोरात श्वास घ्यायला लावतात, डोळ्यांसमोर लाईट चमकवतात, नंतर झोपू देतात. तिथल्या टेक्निशियन मॅडम फार प्रेमळ, तिचा हात धरून बसल्या होत्या. लाईट चमकताना तिचे खांदे उडाले आणि त्याच क्षणी कागदावर दोन्ही बाजूंनी एकदम टोकदार लाटा उसळल्या, ते डॉक्टरांनी आम्हाला बोट ठेवून दाखवलं. मी विचारलं एमआरआय करायचा का, सहा-सात हजाराची तयारी करून आलेलो, तर म्हणाले सगळं इतकं स्पष्ट जुळतंय, या प्रकारात एमआरआय नॉर्मलच येतो, पैसे ठेवा, गोळ्यांनी फरक पडला नाही तर बघू. फिट शरीराच्या एकाच बाजूने सुरू झाली असती तर मात्र काढायलाच लावला असता, आपल्याकडे मेंदूत जंताची गाठ होऊन फिट येणारेही बरेच असतात, असं म्हणाले.

गोळीचं तर मला सगळ्यात जास्त सांगायचंय. या आजाराला व्हालप्रोएट हे औषध फार जोरदार चालतं, पण पुढं मूल होताना बाळात व्यंग येण्याचा, त्याची बुद्धी मंद राहण्याचा धोका असतो, म्हणून मुलींना ते शक्यतो देत नाहीत. हे त्यांनी आपणहून सांगितलं, सतरा वर्षांच्या मुलीच्या लग्नानंतरचा विचार एखादा डॉक्टर आज करतो हे मला फार मोठं वाटलं. तिला लेव्हेटिरासेटाम दिलं, आधी २५० सकाळ-संध्याकाळ, मग ५००. पहिले काही आठवडे चिडचिड होईल, रडेल, तर रागावू नका, फारच झालं तर फोन करा असं आधीच सांगितलेलं, आणि झालंही तसंच, भावाशी रोज भांडण. महिन्याभरात निवळलं.

सासूबाईंनी शेवटी विचारलंच, पोरीचं लग्न कसं व्हायचं. डॉक्टर त्यांच्याकडे खुर्ची वळवून बसले आणि म्हणाले आजी, १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात फिट्सचा उल्लेख होता, तो १९९९ साली काढून टाकला, लपवू नका आणि घाबरूही नका. सासूबाई त्या दिवसापासून देवऋष्याचं नाव काढत नाहीत.

भिंतीवर मराठीत मोठा बोर्ड आहे, फिट आली तर कुशीवर वळवा, मानेभोवतीचे कपडे सैल करा, तोंडात काही घालू नका, हातपाय दाबून धरू नका, घड्याळ बघा, पाच मिनिटांच्या वर गेली तर दवाखाना. जीभ घशात गिळली जात नाही, हे मला चाळिशीत कळलं. फिट लांबली तर थांबवायला घरी नाकात मारायचा मिडाझोलामचा स्प्रेही लिहून दिलाय, अजून वापरायची वेळ आली नाही.

आता अर्धा स्टार. नंबर अकराचा असला तरी आत जायला दीड वाजतो. बसायला खुर्च्या कमी, आणि तिथे अर्धशिशीने डोकं धरून बसलेल्या बाया असतात, लकव्याचे पेशंट, कंपवाताचे आजोबा, त्यांना इतका वेळ बसवणं बरोबर नाही. ईईजीला वर जायला जिना आहे, लिफ्ट नाही, न्यूरोच्या दवाखान्यात लिफ्ट नसावी हे पटत नाही. फोन दुपारी कुणी उचलत नाही. खालच्या मेडिकलमध्ये एकच महाग कंपनी ठेवतात, पण डॉक्टरांना विचारलं तर त्यांनी स्वस्तातली जेनेरिक चालेल म्हणून सांगितलं, फक्त दर महिन्याला कंपनी बदलत राहू नका म्हणाले. फी पहिल्यांदा ८००, नंतर ४००, ईईजीचे १८०० घेतले, पावती न मागता दिली.

अकरा महिने झाले, मोठी फिट नाही. झटके एकदाच आले, चुलत बहिणीच्या हळदीला रात्रभर जागली आणि गोळी बॅगेत राहिली तेव्हा. गोळ्या बरीच वर्षं, कदाचित कायम लागतील हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलंय. आता ती सांगलीला बीएस्सीला आहे, हॉस्टेलवर, तिने रूमवरच्या दोघींना स्वतःच सगळं समजावून सांगितलं आणि बोर्डाचा फोटो पाठवला. बाथरूमची कडी लावत नाही, स्कूटी सध्या बंद, विहिरीवर एकटी जात नाही.

जाणार असाल तर फिट येताना कुणाला तरी मोबाईलवर व्हिडिओ काढायला लावा, डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो. जुनी चिठ्ठी, गोळ्यांची रिकामी पाकिटं सगळं न्या. बुधवारी गर्दी जरा कमी असते. आणि ईईजीला जाताना डोक्याला बांधायला स्कार्फ ठेवा, ती पेस्ट केसांतून घरी जाऊन गरम पाण्यानेच निघते.