झोमॅटोचा ‘प्युअर व्हेज मोड’ : एका माळकरी बाईचा अभिप्राय

माझ्या गळ्यात तुळशीची माळ आहे. घरात मांस-मच्छी नाही, चातुर्मासात कांदा-लसूणही बंद. म्हणजे ही सोय ज्यांच्यासाठी काढली त्यांच्यातलीच मी. डोंबिवलीत आम्ही दोघंच राहतो. गुडघ्यांमुळे ओट्यापाशी फार वेळ उभं राहवत नाही, म्हणून अधूनमधून बाहेरून मागवते. वापरून बघितलंय, म्हणून लिहिते.

मोड चालू केला की ज्या हॉटेलात मांसाहारी काही बनतच नाही तेवढीच हॉटेलं समोर येतात. हे मला हवंच होतं. पूर्वी ऑर्डर द्यायच्या आधी फोन करून ‘कढई वेगळी आहे का? झारा तोच वापरता का?’ असं विचारावं लागे आणि पलीकडचा माणूस वैतागे. आता ती कटकट संपली. मध्यंतरी या मोडसाठी ऑर्डरमागे २ रुपये जादा घेत होते. जानेवारी २०२५ मध्ये लोकांनी आवाज उठवल्यावर मालकांनी माफी मागून ते बंद केले. तेही बरं झालं.

मला बोलायचंय ते वेगळ्या ताफ्याबद्दल. १९ मार्च २०२४ ला कंपनीने जाहीर केलं की शाकाहारी जेवण आणणारी मुलं वेगळी, त्यांचे कपडे हिरवे, पेटी हिरवी. पेटीत रस्सा सांडला की वास राहतो, असं कारण दिलं. दुसऱ्याच दिवशी हिरवे कपडे मागे घेतले आणि सगळ्यांना लालच ठेवलं. ताफा मात्र वेगळाच राहील म्हणाले. लाल कपड्यातल्या मुलाकडे मांसाहारीच असणार असं धरून, सणावाराला सोसायट्या त्याला गेटवर अडवतील, हे त्यांना एका दिवसात कळलं. चूक लगेच सुधारली याचं श्रेय द्यायलाच हवं. पण सोसायटीत राहणाऱ्या कुणालाही हे आधीच सांगता आलं असतं. आमच्या ग्रुपवर त्याच संध्याकाळी एकाने लिहिलं होतं, ‘आता लालवाल्यांना खालीच थांबवा.’ त्याखाली अंगठ्यांची रांग लागली होती. ते वाचून मला रात्री झोप लागली नाही.

हीच कंपनी २०१९ मध्ये किती ठाम उभी राहिली होती! जबलपूरच्या एका गिऱ्हाइकाने डिलिव्हरीवाला हिंदू नाही म्हणून ऑर्डर रद्द केली. कंपनीने माणूस बदलून दिला नाही, पैसेही परत केले नाहीत. अन्नाला धर्म नसतो, असं जाहीरपणे सुनावलं. तेव्हा मला त्यांचा अभिमान वाटला होता.

गेल्या श्रावणात एक मुलगा साबुदाण्याची खिचडी घेऊन आला. सोसायटीची लिफ्ट या मुलांना बंद आहे, त्यामुळे चार मजले चढून. घामाने शर्ट पाठीला चिकटलेला. माझी माळ बघितली आणि त्याने पिशवीचा बंद अगदी टोकाला, दोन बोटांत धरून पुढे केला. म्हणाला, ‘आजी, खाली ठेवू का?’ आधी कुठल्या तरी दारात त्याला तसं सांगितलं असणार, त्याशिवाय विचारलं नसतं. मी म्हटलं, ‘हातात दे बाळा, आणि पाणी पिऊन जा.’ त्याने उंबऱ्याबाहेरच उभं राहून पाणी प्यायलं. नाव मी विचारलं नाही. मला कशाला हवंय ते?

मी काय खाते हा माझा नेम. तो पाळायला दुसऱ्याने अंग चोरून उभं राहायची गरज नाही. आमच्या संप्रदायाला हे नवं नाही. चोखोबांना देवळाबाहेरच राहावं लागलं, आजही त्यांची समाधी नामदेव पायरीपाशी, महाद्वाराबाहेर आहे. दलितांना पांडुरंगाच्या पायाशी जाता यावं म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात पंढरपुरात उपोषणाला बसावं लागलं. एवढं होऊनही माळ घालणारी बाई दारात माणसाचे कपडे तपासणार असेल, तर तिने माळ उतरवून ठेवावी.

जुलै २०२४ मध्ये कावड यात्रेच्या वाटेवरच्या खाणावळींना मालकाचं नाव लावायला लावलं, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती देताना हाच फरक केला : जेवण शाकाहारी की मांसाहारी ते लिहा, नावं लिहायची सक्ती नको. हॉटेल निवडून देणारी ही सोय पहिल्या प्रकारातली आहे. वेगळा ताफा दुसऱ्या प्रकाराकडे नेतो, कपडे कुठलेही घाला.

हॉटेलं निवडायच्या सोयीला माझे पाचपैकी चार तारे, वेगळ्या ताफ्याला एकही नाही. वासाचीच अडचण असेल तर सगळ्याच मुलांना झाकण घट्ट बसणाऱ्या, धुता येणाऱ्या पेट्या द्या आणि हॉटेलांना न गळणारे डबे वापरायला लावा. आणि ज्या सोसायट्यांत या मुलांना लिफ्ट बंद आहे, तिथल्या गिऱ्हाइकाला ऑर्डर देतानाच खाली येऊन घ्यायला सांगा. आमच्या सोसायटीत लिफ्टची बंदी उठवावी म्हणून मी कमिटीला लेखी अर्ज दिलाय. वार्षिक सभेत तो विषय घ्यायला लावणार आहे.