मुंबईवरचे सिनेमे: आधी कोणता, मग कोणता?

मुंबईवरचा सिनेमा पारखायचा तर आधी त्यातली राहती खोली बघावी. माणसं किती, कोण कुठे झोपतं, मोरी कुठे आहे, दाराला आतून कडी घालता येते का. हा हिशेब ज्या दिग्दर्शकाला जमतो त्याची मुंबई चाळीस वर्षांनंतरही खरी वाटते. समुद्र, लोकल आणि पाऊस कुणालाही टिपता येतात.

खालचे सगळे सिनेमे माझ्या कायमच्या आवडीचे आहेत. पण ते भलत्या क्रमाने किंवा भलत्या पडद्यावर बघितले तर चांगला सिनेमाही फिका पडतो. म्हणून त्यांच्या जोड्या लावल्या आहेत. ज्याला एका संध्याकाळी एकच बघायचा आहे त्याने जोडीतला कोणता निवडावा, हेही सांगितलं आहे.

घराची गोष्ट: 'मुंबईचा जावई', 'पिया का घर' आणि 'घरोंदा'

राजा ठाकूर यांचा 'मुंबईचा जावई' १९७० चा. दोन वर्षांनी बासू चॅटर्जींनी त्याचाच हिंदी 'पिया का घर' केला. प्रश्न एकच: भरल्या घरात नव्या जोडप्याला एकांत कुठून मिळणार? मराठी सिनेमाची ताकद संवादांत आणि सुधीर फडक्यांच्या चालींत आहे. 'प्रथम तुज पाहता' आणि 'का रे दुरावा' ही गाणी याच सिनेमातली. हिंदीत जया भादुरीचा चेहरा बरंच काम करतो. ती बोलत नाही तेव्हा घराची अडचण जास्त कळते. मराठी वाचकाने या दोघांत मराठी निवडावा, कारण चाळीतलं बोलणं भाषांतरात थोडं गुळगुळीत होतंच.

पण या विषयावरचा खरा मोठा सिनेमा 'घरोंदा' (१९७७, दिग्दर्शक भीमसेन). एकाच ऑफिसातले सुदीप आणि छाया फ्लॅटसाठी पैसे साठवतात, बिल्डर ते घेऊन पसार होतो, आणि मग सुदीप छायाला जे सुचवतो तिथे सिनेमा भीषण वळण घेतो: वयस्कर, श्रीमंत, हृदयविकाराने आजारी मालकाशी तिने लग्न करावं, म्हणजे काही काळाने दोघांना घर मिळेल. श्रीराम लागूंनी हा मालक खलनायक होऊ दिलेला नाही, म्हणूनच सुदीपचा हिशेब जास्त कुरूप दिसतो. बिल्डरांना लगाम घालणारा महाराष्ट्राचा फ्लॅट-मालकी कायदा १९६३ पासून अस्तित्वात होता. तरी २०१७ मध्ये महारेरा, म्हणजे बिल्डरांवर नजर ठेवणारं राज्याचं प्राधिकरण, येईपर्यंत मुंबईकराच्या हातात फारसं काही नव्हतं. 'घरोंदा'तली फसवणूक म्हणूनच जुनी वाटत नाही.

इथे प्रेक्षकाची गडबड कुठे होते? 'दो दीवाने शहर में' हे 'घरोंदा'तलं गाणं ऐकून तो अमोल पालेकरांचा लाजाळू, हसरा कारकून शोधत येतो आणि उत्तरार्धात हिरमुसतो. हा प्रेमपट नाही, जागेच्या लोभाने माणूस कसा आतून पोखरला जातो त्याचा सिनेमा आहे, हे आधीच माहीत असलं की तो नीट पोचतो. नुकतंच घराचं बुकिंग केलेल्यांनी मात्र ताबा मिळेपर्यंत थांबलेलं बरं.

१९८३: 'जाने भी दो यारो' की 'अर्ध सत्य'

एकाच वर्षी आलेले, एकाच सडक्या व्यवस्थेबद्दलचे दोन सिनेमे. एक हसवतो, एक दात आवळायला लावतो. आणि दोन्हींचं संकलन रेणू सलुजा यांचं. दोन्ही बघितले तर त्यांची कात्री ओळखू येते. 'जाने भी दो यारो'मध्ये कट विनोदाच्या किंचित आधी येतो, म्हणजे हसू पुढच्या प्रसंगावर सांडतं. 'अर्ध सत्य'मध्ये तोच कट उशिरा येतो, ओम पुरींच्या जबड्यावर नजर खिळून राहते.

कुंदन शहांच्या सिनेमात दोन होतकरू फोटोग्राफर, दोन बिल्डर, एक महापालिका आयुक्त आणि एक कोसळणारा पूल. एनएफडीसीच्या, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या, पैशांवर, सात लाखांच्या आत झालेलं हे काम. कपडे, जागा, उजेड सगळ्यांत ती ओढाताण दिसते आणि सिनेमाला ती शोभते, कारण गोष्टच कफल्लकांची आहे. मराठी प्रेक्षकाला इथे एक खास भेट आहे. 'ती फुलराणी' गाजवणाऱ्या भक्ती बर्वे संपादक शोभाच्या भूमिकेत आहेत, आणि गोड बोलून वापरून घेणारी बाई त्यांनी एका भुवईवर तोलली आहे. शेवटाकडचा महाभारताचा प्रसंग सगळ्यांना तुकड्या-तुकड्यांत माहीत असतो. तोच अडथळा आहे: मोबाइलवर दहा मिनिटांचा तुकडा बघून 'बघितलाय' असं समजू नये. त्या गोंधळाचा दाब आधीच्या दीड तासात भरत गेलेला असतो, आणि त्याशिवाय शेवटची फ्रेम बोचत नाही.

'अर्ध सत्य' गोविंद निहलानींचा. मूळ कथा श्री. दा. पानवलकरांची 'सूर्य', पटकथा विजय तेंडुलकरांची, कविता दिलीप चित्रे यांची. म्हणजे हिंदी सिनेमाच्या कातडीखाली सगळं रक्त मराठी. अनंत वेलणकर हा सब-इन्स्पेक्टर हवालदार बापाच्या धाकात वाढलेला आहे. अमरीश पुरींचा तो बाप घरात असला की खोली आपोआप लहान होते. सदाशिव अमरापूरकरांचा रामा शेट्टी आवाज चढवत नाही. त्याला गरजच पडत नाही, आणि तीच भीती आहे. वेलणकरच्या भूमिकेसाठी ओम पुरींना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

एकच निवडायचा असेल तर 'जाने भी दो यारो'. तो बघून झाल्यावर 'अर्ध सत्य'कडे जावंसं वाटतं. उलट दिशेने मात्र हसण्याची तयारी उरत नाही. दोन्ही एका रात्री बघू नका.

गुन्हेगारी: 'परिंदा' की 'सत्या'

'परिंदा' (१९८९) विधु विनोद चोप्रांचा. 'जाने भी दो यारो'च्या निर्मितीत राबणारा आणि त्यात दुःशासन झालेला माणूस तो हाच. छायालेखक बिनोद प्रधान आणि संकलक रेणू सलुजा हेही तिथूनच आलेले. त्या हसऱ्या सिनेमातली टोळी सहा वर्षांनी किती काळोखात उतरली ते बघण्यासारखं आहे. नाना पाटेकरांचा अण्णा आगीला घाबरतो, आणि प्रधान त्याच्या चेहऱ्यावर उजेड टाकतात तोही जपून, तुटक. या भूमिकेसाठी नानांना सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, संकलनाचाही याच सिनेमाला.

हा सिनेमा दिवसा, पडदे उघडे ठेवून टीव्हीवर बघितला तर अर्धा वाया जातो. काळ्यातले काळे थर खोलीच्या उजेडात पुसले जातात. दिवे मालवा, टीव्हीचा 'व्हिव्हिड' मोड काढून 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर' मोड लावा. त्याच मेनूत हालचाल गुळगुळीत करणारी सोय असते, तीही बंद करा. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींचा असतो. टीव्ही मधल्या चौकटी स्वतः बनवून घालतो आणि मग सगळं मालिकेसारखं दिसू लागतं. हे फक्त 'परिंदा'पुरतं नाही, या यादीतल्या प्रत्येक सिनेमाला लागू आहे.

'सत्या' (१९९८) वेगळ्या जातीचा. रामगोपाल वर्मांनी गुंडांना घरी आणलं. भिकू म्हात्रेला बायको आहे, ती त्याला ऐकवते, तो तिला ऐकवतो. सत्याच्या समोरच्या खोलीत गाणं शिकणारी विद्या राहते. पिस्तुलापेक्षा ही शेजारपाजारची वर्दळ जास्त अस्वस्थ करते, कारण खून करणारा आणि सकाळी दूध घेणारा माणूस एकच आहे. पटकथा सौरभ शुक्ला आणि अनुराग कश्यप यांची, आणि मनोज वाजपेयींना भिकूसाठी राष्ट्रीय पुरस्कार. गणेश विसर्जनाच्या गर्दीतला प्रसंग मी हिंदी सिनेमातल्या सर्वोत्तम गर्दीदृश्यांत धरतो: इतकी माणसं, आणि लपायला तीच जागा.

'सत्या'त घोळ होतो तो आवाजाचा. संदीप चौटांचं पार्श्वसंगीत चढं आहे आणि कुजबुज खालच्या पट्टीत, त्यामुळे टीव्हीच्या पातळ स्पीकरवर सारखा रिमोट हातात घ्यावा लागतो. साधा बरा साउंडबार किंवा हेडफोन लावा. लांबी पावणेतीन तासांच्या पुढे आहे, आठनंतर सुरू करू नका. मुलं घरात असतील तर दोन्ही सिनेमे बाजूला ठेवा.

माझा कौल 'सत्या'ला. 'परिंदा' जास्त सुंदर आहे, पण 'सत्या'तली माणसं आपल्याच गल्लीत राहतात. पुढचे कित्येक सिनेमे त्याच्याच वाटेवरून गेले, म्हणून आज प्रथमच बघणाऱ्याला त्यातलं काही ओळखीचं वाटेल. मूळ इथे आहे एवढं लक्षात ठेवायचं.

एकटा कारकून: 'छोटी सी बात' की 'द लंचबॉक्स'

इथे फार विचार करायला नको. घरात आजी-आजोबा आणि मुलं एकत्र बसणार असतील तर १९७६ चा 'छोटी सी बात': बसची रांग, ऑफिस, धीर न होणारा अरुण, आणि खंडाळ्याचे कर्नल अशोककुमार. रांगेत उभं राहण्याची तेव्हाची शिस्त बघूनच जीव सुखावतो.

एकटे बघणार असाल तर 'द लंचबॉक्स' (२०१३, रितेश बत्रा), अवघा १०४ मिनिटांचा. डबा चुकतो आणि चिठ्ठ्या सुरू होतात. इरफान खान आणि निम्रत कौर यांच्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मला त्यात भारती आचरेकरांचा आवाज सर्वांत प्रिय आहे. वरच्या मजल्यावरच्या देशपांडे आँटी एकदाही दिसत नाहीत, फक्त खिडकीतून बोलतात आणि दोरीने टोपली सोडतात. मुंबईतल्या शेजाराचं इतकं अचूक चित्र क्वचित मिळतं. उपाशीपोटी बघू नका. डबेवाल्यांचा डबा सहसा चुकत नाही असा आक्षेप घेणारे खूप भेटतात, पण गोष्ट त्या एका चुकलेल्या डब्याचीच आहे.

'कोर्ट' आणि 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट'

या दोघांत निवड करणं कठीण आहे. चैतन्य ताम्हाणेंचा 'कोर्ट' २०१४ मध्ये व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवातून दोन पुरस्कार घेऊन आला आणि त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्याचाच. लोकशाहीर नारायण कांबळे यांच्यावर खटला: त्यांच्या गाण्यामुळे एका गटार साफ करणाऱ्या कामगाराने आत्महत्या केली, असा आरोप. शाहीर झालेले वीरा साथीदार स्वतः चळवळीतले, गाण्यांमागे संभाजी भगत.

कॅमेरा बहुतेक वेळा लांब उभा आणि स्थिर असतो. कोपऱ्यात कुणी फाइल बांधतं, मागच्या बाकावर कुणी जांभई देतं, पुढचं प्रकरण दाराशी वाट बघतं, आणि सगळं एकाच चौकटीत. म्हणूनच हा सिनेमा फोनवर बघणं म्हणजे न बघणं. चेहरे ठिपके होतात आणि 'काही घडतच नाही' अशी तक्रार सुरू होते. निदान ४० इंची पडदा हवा. मराठी येत असलं तरी सबटायटल लावा, कारण कोर्टात मराठी, हिंदी, इंग्रजी आणि घरात गुजराती असा सगळा कारभार आहे.

कोर्टाबाहेरचे भाग अनेकांना फापटपसारा वाटतात. तेच काढले तर सिनेमा उरत नाही. गीतांजली कुलकर्णींची सरकारी वकील लोकलने घरी जाते, मुलाला घेते, स्वयंपाक करते, सुट्टीच्या दिवशी कुटुंबासह नाटकाला जाते. बचावाचा वकील सुपरमार्केटात चीज आणि वाइन घेतो. कोण दुष्ट आहे ते शोधू नका. कोण कुठल्या खोलीतून कोर्टात आलं ते बघा, म्हणजे कोण कुणाला समजू शकत नाही ते उलगडतं. मृत कामगाराची बायको साक्ष देते तो प्रसंग मात्र जीव एकवटून ऐका. मॅनहोलमध्ये हवा आहे की नाही हे नवरा झुरळ बाहेर येतं का त्यावरून ठरवायचा, असं ती सपाट आवाजात सांगते. रडणं नाही, संगीत नाही.

पायल कपाडियांचा 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट' २०२४ चा, कान चित्रपट महोत्सवाचा ग्रां प्री पुरस्कार मिळवणारा. दोन मल्याळी नर्सा एका खोलीत राहतात, आणि हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरातली पार्वती, म्हणजे छाया कदम, चाळीतल्या घरातून हुसकली जाते, कारण तिच्याकडे त्या जागेचा एकही कागद नाही. आयुष्य तिथे गेलं, भाडं भरलं, पण नाव कुठेच नाही. गिरणगावात टॉवर कसे उभे राहिले ते या एका पात्रात आहे. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरण्या गेल्या, मग चाळी गेल्या, आता माणसं. उत्तरार्धात सिनेमा रत्नागिरीकडे समुद्रकाठी जातो आणि वेग उतरतो. पहिल्या भागातला निळसर रात्रीचा दाब अंगावर असेल तरच तो उजेड जाणवतो, म्हणून मध्येच थांबवून दुसऱ्या दिवशी पुढे बघू नका.

हळवा सिनेमा हवा असेल तर दुसरा. मला एकच कायमचा ठेवायला सांगितला तर मी 'कोर्ट' ठेवेन, कारण त्यात कुणालाही समजावून सांगितलेलं नाही.

मीरा नायर यांचा 'सलाम बॉम्बे!' (१९८८) तुलनेबाहेर ठेवला आहे. त्यातली मुलं रस्त्यावर राहतात, त्यांना खोलीच नाही, त्यामुळे ही मोजपट्टी तिथे लागत नाही. तो वेगळा, आणि पूर्ण शांत दिवशी बघायचा.

क्रम विचाराल तर असा: पहिल्या शुक्रवारी रात्री 'जाने भी दो यारो', शनिवारी दुपारी 'घरोंदा', रात्री लवकर जेवून 'सत्या'. पुढच्या आठवड्यात मधल्या एखाद्या दिवशी 'द लंचबॉक्स', शुक्रवारी 'अर्ध सत्य', शनिवारी रात्री दिवे मालवून 'परिंदा'. 'कोर्ट' रविवारी सकाळी, चहा झाल्यावर, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. दिवसभराच्या दगदगीनंतर त्या स्थिर चौकटींसमोर डोळा लागतो, आणि दोष सिनेमाला दिला जातो.