बॅलन्स्ड फ्लू गॅस गिझर : आठ महिने वापरून, फक्त गळतीबद्दल

पाणी गरम होतं, चांगलं होतं. त्यावर लिहायला फार काही नाही. साध्या गिझरपेक्षा जास्तीचे पैसे जातात ते सीलबंद बांधणीसाठी. भिंतीतून बाहेर जाणाऱ्या दुहेरी नळीत (हाच बॅलन्स्ड फ्लू) बाहेरच्या नळीतून हवा आत येते, आतल्या नळीतून धूर बाहेर जातो आणि बाथरूममधली हवा वापरली जात नाही. नाशिकच्या थंडीत लोक बाथरूमच्या जाळीवरही वर्तमानपत्र चिकटवतात, तिथे हे मोलाचं आहे. सील टिकलं तरच, अर्थात.

बसवणारे साबणाचं पाणी लावतात आणि निघतात. त्यातून कच्च्या गॅसची गळती कळते, जळलेल्या गॅसची नाही. साबणसुद्धा रेग्युलेटर, रबरी नळीची दोन्ही टोकं, कॉक आणि गिझरचा इनलेट या सगळ्यांवर लावायला हवा. गॅसच्या नळीवर टी-जॉइंट असेल तर पारदर्शक नळीचा यू करून पाणी भरा, एक टोक त्या जॉइंटला जोडा आणि दुसरं उघडं ठेवा. सिलिंडर चालू केला की दोन्ही बाजूंच्या पातळीत 30 सेंमी किंवा थोडा जास्तच फरक दिसतो. मग गिझर आणि शेगडी बंदच ठेवून रेग्युलेटर बंद करा. दोन-तीन मिनिटं स्थिरावू द्या, पुढची दहा मिनिटं पातळी हलता कामा नये. आमच्याकडे हललेली नाही.

साबण आणि पाणी दोन्ही पास झाल्यावरच उदबत्ती पेटवायची, आधी नाही. गिझर चालू ठेवून ती कव्हरच्या गॅस्केटवरून आणि भिंतीतल्या नळीभोवती सावकाश फिरवा. धूर एका जागी ढकलला किंवा ओढला गेला तर सील गेलं.

खरी फसवी गळती आतल्या नळीच्या सांध्यात असते. जळलेल्या गॅसचा धूर खोलीत येतच नाही. येणाऱ्या हवेत मिसळून पुन्हा बर्नरकडे जातो. ऑक्सिजन घटतो, निळी ज्योत पिवळी पडते आणि कार्बन मोनॉक्साइड (सीओ) हा विषारी वायू वाढतो. बाहेरच्या नळीतल्या हवेत ऑक्सिजन 20.6 टक्क्यांच्या खाली जाता कामा नये. पण त्यासाठी वायूंचं प्रमाण मोजणारा ॲनालायझर लागतो, आणि तो जवळ बाळगणारा मेकॅनिक शोधावा लागतो.

पावसाळ्यात बाहेरच्या तोंडाला कुंभारमाशीने मातीचं घर केलं होतं, बोटाच्या पेराएवढं. तेवढ्यानेही ज्योत लांबट झाली. तोंडाला कंपनीचीच जाळी हवी. कबुतरांसाठी लावलेली बारीक जाळी काजळीने तुंबते. नळीला बाहेरच्या बाजूला किंचित उतार हवा, नाहीतर पाणी आत येतं.

गॅस डिटेक्टर आणि सीओ अलार्म या दोन वेगळ्या वस्तू आहेत. एलपीजी जड, म्हणून त्याचा डिटेक्टर जमिनीलगत. पाइप गॅस हलका, त्याचा छताजवळ. सीओ अलार्म बाथरूमच्या वाफेत नको, दाराबाहेर लावा. युरोपीय मानकाचा अलार्म 50 पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत 50 भाग सीओ) तासाभराने वाजतो, 300 ला तीन मिनिटांत. टेस्टचं बटण फक्त भोंगा तपासतं. सेन्सरची मुदत मागे छापलेली असते.

सोसायटीत पाइप गॅस आला तर जेट (बर्नरला गॅस सोडणारी बारीक छिद्रं) बदलल्याशिवाय गिझर जोडू देऊ नका. रेग्युलेटर काढून नळी जोडली की झालं, असं सांगणारे भेटतात.