रोजची गोळी की आठवड्याचे इंजेक्शन? क्रोन असलेल्या मुलासाठी दोन औषधांची तुलना

मुलाला आतड्याचा क्षय नसून क्रोनच (आतड्याला पुन्हा पुन्हा सूज आणणारा दीर्घकालीन आजार) आहे याची खात्री झाली आणि स्टेरॉइडने किंवा केवळ द्रवआहाराच्या उपचाराने पहिली तीव्र अवस्था आटोक्यात आली, की आजार पुढची काही वर्षे शांत कसा ठेवायचा हा प्रश्न उभा राहतो. बायॉलॉजिक औषधे (इन्फ्लिक्सिमॅबसारखी, सुजेच्या ठरावीक घटकाला नेमके अडवणारी) लगेच लागतील इतका आजार आक्रमक नसेल, किंवा त्यांचा खर्च झेपणारा नसेल, तर डॉक्टर बहुधा प्रतिकारशक्ती आवरणारी दोन नावे समोर ठेवतात: अझाथायोप्रिन, म्हणजे रोजची गोळी, आणि मेथोट्रेक्झेट, म्हणजे आठवड्याचे इंजेक्शन. आमच्या मुलीने ही दोन्ही औषधे घेतली आहेत. डोस ठरवणे हे डॉक्टरांचे काम असले, तरी ठरलेला डोस वर्षानुवर्षे बिनचूक देणे हे घराचे काम असते, आणि मी ही तुलना मुख्यतः त्या दृष्टीने करतो आहे. दोन्ही औषधांचा पूर्ण परिणाम दिसायला दोन-तीन महिने लागतात, तेव्हा त्या बाबतीत निवड करण्यासारखे काही नाही.

हिशेबाची पद्धत मात्र वेगळी आहे. अझाथायोप्रिन वजनावर ठरते, साधारणपणे किलोमागे रोज 2 ते 2.5 मिलिग्रॅम. मेथोट्रेक्झेट शरीराच्या पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावर ठरते, चौरस मीटरमागे आठवड्याला सुमारे 15 मिलिग्रॅम आणि जास्तीत जास्त 25 मिलिग्रॅम. 28 किलो वजनाचे आणि 130 सेंटिमीटर उंचीचे मूल घेतले, तर त्याचा पृष्ठभाग जवळजवळ 1 चौरस मीटर भरतो, म्हणजे मेथोट्रेक्झेट आठवड्याला 15 मिलिग्रॅम. त्याच मुलाला अझाथायोप्रिन रोज 56 ते 70 मिलिग्रॅम लागते, आणि दुकानात सहज मिळणारी गोळी 50 मिलिग्रॅमची असते. मग एक दिवस एक गोळी आणि दुसऱ्या दिवशी दीड, अशी रचना करावी लागते. ती आम्ही भिंतीवरच्या कालनिर्णयावर महिनाभराची आधीच लिहून ठेवतो आणि गोळी दिल्याबरोबर त्या तारखेवर खूण करतो, कारण ‘काल एक दिली होती की दीड’ हा प्रश्न रात्री नऊ वाजता कोणालाही पडू शकतो. गोळी कुटायची नाही, अर्धी करताना हातमोजे घालायचे आणि दुधाबरोबर द्यायची नाही, एवढे पथ्य सांभाळावे लागते. आजार शांत झाला की मूल भराभर वाढते, म्हणून प्रत्येक भेटीत नवे वजन सांगून डोस पुन्हा तपासून घ्यावा.

मेथोट्रेक्झेटमध्ये रोजची कटकट नाही, आणि कागदावर हा त्याचा सर्वांत मोठा गुण दिसतो. पण आठवड्याचे औषध नजरचुकीने रोज दिले गेले, तर ते जिवावर बेतू शकते, आणि अशा घटना जगभर नोंदल्या गेल्या आहेत. आपल्याकडे याच्या गोळ्याही मिळतात, आणि त्या 2.5 मिलिग्रॅमपासून पुढे वेगवेगळ्या ताकदीच्या असतात, म्हणून चिठ्ठीवर ‘आठवड्यातून एकदाच’ हे शब्द आणि वाराचे नाव पूर्ण लिहून घ्यावे. चुकलेला डोस पुढच्या डोसमध्ये कधीही मिळवू नये. इंजेक्शन घरी द्यायचे असेल, तर आणखी एक गोष्ट आहे. व्हायलमध्ये मिलिलिटरला 25 मिलिग्रॅम असतील, तर 15 मिलिग्रॅम म्हणजे 0.6 मिलिलिटर; पण हाताशी असते ती इन्सुलिनची सिरिंज, आणि आपल्याकडे 40 युनिटची आणि 100 युनिटची अशा दोन्ही प्रकारच्या सिरिंजा मिळतात. तेच 0.6 मिलिलिटर एकीवर 24 आणि दुसरीवर 60 दिसते. म्हणून चिठ्ठीत मिलिग्रॅम आणि मिलिलिटर दोन्ही असावेत आणि सिरिंज मिलिलिटरच्या खुणांचीच घ्यावी, किंवा जमत असेल तर भरलेली तयार सिरिंज आणावी. शिवाय फॉलिक ॲसिड वेगळ्या दिवशी द्यायचे असते. या जीवनसत्त्वाच्या शोधाची सुरुवात मुंबईत झाली होती: इंग्लिश डॉक्टर लूसी विल्स यांनी 1928 नंतर तिथल्या गिरणी कामगार गरोदर स्त्रियांच्या रक्तक्षयाचा अभ्यास केला, त्यातून पुढे फॉलिक ॲसिड हाती लागले.

ही सगळी व्यवस्था आम्हाला जमली होती. जमले नाही ते दुसरेच. मेथोट्रेक्झेटने मळमळ होते हे सगळेच सांगतात, पण मुलांमध्ये ती कोणत्या थराला जाते, हे प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय कळत नाही. आम्ही शनिवारी संध्याकाळी इंजेक्शन देत असू, म्हणजे रविवार विश्रांतीला मिळे. पहिले काही आठवडे मळमळ फक्त रविवारी सकाळी होती. नंतर ती शनिवारी दुपारीच, इंजेक्शनच्या कितीतरी आधी सुरू होऊ लागली. पुढे फ्रिजजवळचा औषधांचा डबा उघडल्याचा आवाज आला तरी तिला उमासे येत. हे द्रावण पिवळेधमक असते, आणि एका आठवड्यात तिने वरण बाजूला सारले, कारण विचारले तेव्हा ‘त्याचा रंग तसाच आहे’ एवढेच ती म्हणाली. ज्या मुलीच्या आतड्याला सोसते म्हणून आम्ही वर्षभर वरण-भातावर भिस्त ठेवली होती, तिने पिवळे अन्नच सोडावे, ही गोष्ट मला कोणत्याही रक्ततपासणीच्या आकड्यापेक्षा गंभीर वाटली. ऑनडान्सेट्रॉन हे मळमळीवरचे औषध दिले, वेळ झोपण्याच्या जवळ नेली, डॉक्टरांनी फॉलिक ॲसिडचे प्रमाणही बदलले. औषधाने होणारी मळमळ त्यामुळे कमी झाली. औषधाच्या आठवणीने होणारी मळमळ तशीच राहिली, कारण तिच्यावर गोळीचा फारसा उपाय चालत नाही. प्रत्येक मुलाला असे होते असे मी म्हणणार नाही. वर्षानुवर्षे विनातक्रार हे इंजेक्शन घेणारी मुले असतात.

अझाथायोप्रिनची भीती वेगळ्या प्रकारची असते: पांढऱ्या पेशी एकाएकी घसरण्याची. इथे भारतीय पालकांनी एक तपासणी आग्रहाने मागावी. हे औषध शरीरात निकामी करणाऱ्या टीपीएमटी या एन्झाइमची चाचणी पूर्वीपासून माहीत आहे. पण एनयूडीटी15 या जनुकातील बदल आशियाई लोकांत जास्त आढळतात, हे 2014 पासून स्पष्ट झाले आहे, आणि असा बदल दोन्ही प्रतींत असलेल्या मुलाला नेहमीचा डोस धोक्याचा ठरतो. पहिल्या गोळीच्या आधीच ही तपासणी व्हावी. तिचा निकाल चांगला आला, तरी सीबीसी आणि यकृताच्या तपासण्या सुरुवातीला जवळजवळ दर आठवड्याला, मग अंतर वाढवत दर तीन महिन्यांनी कराव्याच लागतात. पहिल्या काही आठवड्यांत पोटात वरच्या भागात जोराचे दुखून उलट्या झाल्या, तर स्वादुपिंडाला सूज असू शकते. मग गोळी थांबवून लगेच डॉक्टरांना गाठावे. ताप किंवा घशातले व्रण कोणत्याही औषधावर दुर्लक्षू नयेत.

बाकी काही बाबी दोन्हींना सारख्याच लागू होतात. गोवर आणि कांजिण्यांसारख्या जिवंत लशी शक्यतो आधी पूर्ण कराव्यात, आणि घरात धाकटे भावंड असेल, तर पोलिओच्या थेंबांबद्दल डॉक्टरांना विचारून घ्यावे. कोट्रायमॉक्साझोल हे साधे वाटणारे अँटिबायोटिक मेथोट्रेक्झेटबरोबर विशेषतः घातक ठरू शकते, म्हणून गल्लीतल्या डॉक्टरांनाही औषधांची यादी दाखवावी.

तराजू एका बाजूला झुकवणारी सर्वांत महत्त्वाची बाब मूल मुलगा आहे की मुलगी, ही आहे. अझाथायोप्रिनवर, विशेषतः इन्फ्लिक्सिमॅबसारख्या औषधाच्या जोडीने, यकृत-प्लीहेचा एक अत्यंत दुर्मीळ पण बहुधा प्राणघातक लिम्फोमा (लसिकापेशींचा कर्करोग) आढळला आहे, आणि त्याचे बहुतेक रुग्ण किशोरवयीन मुलगे व तरुण पुरुष होते. मला मुलगा असता, तर मी मेथोट्रेक्झेट सहजासहजी सोडले नसते. उलट मुलगी मोठी होताना मेथोट्रेक्झेटचा गर्भावरचा परिणाम हा विचार येतोच, आणि तो बाजूला ठेवता येत नाही. आमची मुलगी असल्यामुळे, जनुकीय तपासणी निर्धोक आल्यामुळे आणि तिच्या ताटात वरण परतल्यामुळे आम्ही रोजच्या एक-दीड गोळीची कटकट पत्करली, आणि आजही तीच मला सुसह्य वाटते.

तुमच्या मुलासाठी डॉक्टरांनी मेथोट्रेक्झेटच योग्य ठरवले, तर मळमळ सुरू होण्याची वाट पाहू नका. ऑनडान्सेट्रॉन पहिल्याच इंजेक्शनच्या तासभर आधीपासून द्यायचे का, हे विचारून घ्या, सिरिंज मुलाच्या नजरेआड भरा, आणि त्या संध्याकाळी ताटात मुलाच्या आवडीचे काही ठेवू नका, म्हणजे नंतर तोच पदार्थ नकोसा होणार नाही.