शाळेत लिनक्स आणायचं, पण अडलं तर फोन कुणाला?

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा मोफत आधार संपला. शाळांमधली जुनी यंत्रं बहुधा विंडोज ११ घेत नाहीत. लिनक्स ही विंडोजच्या जागी चालणारी मोफत प्रणाली. तिच्यातल्या लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती मात्र २ जीबी रॅमवर चालते, ४ जीबीवर नीट चालते, आणि मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. पेनड्राईव्हवरून टाकणं तासाभराचं काम. सहा महिन्यांनी परीक्षेच्या तोंडावर प्रिंटर रुसला की कोण धावून येणार, ते आधी ठरवा. त्यासाठी तीन वाटा आहेत.

तालुक्याच्या दुकानदाराशी वार्षिक करार. पॉवर सप्लाय, रॅम, पंख्यात बसलेली धूळ यासाठी दुकानदाराला पर्याय नाही. पण लिनक्स अडलं की ‘फॉरमॅट मारून विंडोज टाकतो’ हा ठरलेला उपाय, आणि मुलांच्या फायली त्यातच जातात. म्हणून करारात लिहून घ्या: होम फोल्डरचा (जिथे मुलांच्या फायली असतात) बॅकअप आधी, मुख्याध्यापकांच्या लेखी परवानगीशिवाय फॉरमॅट नाही. ३१ ते १०० पटाच्या शाळेला समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून वर्षाला संयुक्त अनुदान २५,००० रुपये. त्यातच डागडुजी, वीजबिल, साहित्य. दहाच्या आत यंत्रं असतील तर वार्षिक करारापेक्षा दर भेटीचे पैसे परवडतात.

आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल, म्हणजे व्हिडिओ पाठ. मोफत, लिबरऑफिसचे (लिनक्सवर वर्ड-एक्सेलचं काम करणारं सॉफ्टवेअर) पाठ मराठी आवाजात, एकेक साधारण दहा मिनिटांचा. अर्ध्या पडद्यावर पाठ, अर्ध्यावर स्वतःचं काम, अशी पद्धत. त्यामुळे दहा मिनिटांच्या पाठाला अर्धा तास धरा. नेट बेभरवशाचं असेल तर पाठ उतरवून पेनड्राईव्हवर ठेवता येतात. काही पाठ जुन्या आवृत्तीवर रेकॉर्ड झालेत, तिथे मेनू जागेवर सापडत नाही. आणि तुमचा प्रिंटर का छापत नाही, हे कुठलाच पाठ सांगणार नाही.

केंद्रातले दोन शिक्षक तयार करणे. आमचं मत याच बाजूने. दोनच का? बदली. एकावर सगळं ठेवलं आणि गुरुजी परभणीहून हिंगोलीला गेले की पासवर्डही गेले. तीन दिवस पुरतात: पहिला टाकणे आणि विद्यार्थ्यांची वेगळी खाती, दुसरा मराठी टंकलेखन, तिसरा प्रिंटर आणि टाइमशिफ्ट (बिघडलेली प्रणाली कालच्या स्थितीला नेणारं साधन). पुढच्या शंका महिन्याच्या शिक्षण परिषदेत.

या तीन दिवसांपैकी दुसऱ्याला सर्वात जास्त वेळ द्या, कारण शिक्षक लिनक्सला नावं ठेवतात ती इथेच. श्रीलिपी किंवा कृतिदेव या जुन्या फॉन्टमधली प्रश्नपत्रिका उघडली की इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतो. फाईल खराब नसते. त्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असतात आणि तो फॉन्ट यंत्रावर नसतो. परवान्यातला फॉन्ट टाकला तर वाचता येतं, पण कायमचा उपाय म्हणजे युनिकोडमध्ये (कुठल्याही यंत्रावर मराठी मराठीच दिसणारी पद्धत) रूपांतर. ते केल्यावर जोडाक्षरं आणि रफार डोळ्यांखालून घालाच. नवीन टंकलेखन इन्स्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या प्रमाणित कीबोर्ड मांडणीवर सुरू करा. कृतिदेवची सवय असलेली बोटं पंधरवडाभर अडखळतील.

प्रिंटर विकत घेण्याआधी लिनक्सवर चालतो का ते पाहा. एचपी लेझरजेट १०२० सारख्यांना एचपीचं प्लगइन (जोड-सॉफ्टवेअर) वेगळं उतरवावं लागतं, तेव्हा नेट लागतं. कॅनन एलबीपी २९०० असेल तर ड्रायव्हरशी (प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर) झगडण्याची तयारी ठेवा.

भारनियमनाच्या वेळेत अपडेट लावू नका. मध्येच वीज गेली की पॅकेज अर्धवट बसतं आणि पुढचं प्रत्येक अपडेट अडतं. दुरुस्ती एका ओळीच्या आज्ञेची असते. ती कागदावर लिहून यंत्राशेजारी चिकटवा, शेजारीच त्या दोन शिक्षकांचे नंबर.